चूक कुणाच्या नावावर

आमच्या हॅस्केट काउंटीत कुणाची चूक लिहून ठेवायची पद्धत नाही. बोलायची आहे. न्हाव्याच्या खुर्चीत, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही एकमेकांच्या चुका तिखटमीठ लावून चघळतो. पण लिहायचं म्हटलं की हात आखडतो, कारण इथं प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. आगीच्या बंबाचा प्रमुख हा शेरीफचा साडू, शेरीफची आई ही शाळेच्या मुख्याध्यापिकेची चुलती, आणि रविवारी सगळे एकाच चर्चमध्ये. ज्याचं नाव कागदावर घातलं, त्याच्याच मांडीला मांडी लावून प्रार्थना कशी म्हणायची?

मी डार्ला फ्यूट्रेल, या काउंटीची आपत्ती व्यवस्थापन अधिकारी. मीच अधिकारी, मीच कारकून, आणि फोन वाजला तर तोही मीच उचलते. कोर्टाच्या इमारतीत पूर्वी तुरुंगाचं स्वयंपाकघर होतं, तिथं माझी खोली आहे. पावसाळी हवेत अजून तिथं करपलेल्या बीन्सचा वास येतो. आर्कान्सा राज्याच्या आमच्या कोपऱ्यात वसंतात टॉर्नेडो येतात, हिवाळ्यात बर्फानं विजेच्या तारा तुटतात आणि नदी तिच्या मनाला येईल तेव्हा शेतात शिरते. त्यासाठी आम्ही दरवर्षी सराव करतो आणि मी त्याचा अहवाल लिहिते. माझे सगळे अहवाल एका साच्यातले: सगळ्यांनी छान काम केलं, शेरीफ वेळेवर आले, चर्चच्या बायकांनी आणलेलं पीचचं गोड उत्तम होतं, सर्वांचे आभार.

हे असंच चाललं असतं. पण शेजारच्या डनमोर काउंटीला राष्ट्रीय मान्यता मिळाली. 'यांची आपत्ती व्यवस्था देशाच्या कसोटीला उतरली आहे' अशी निळी पाटी त्यांनी आमच्या हद्दीकडे तोंड करून लावली. फुटबॉलमध्ये डनमोर आम्हाला दरवर्षी धूळ चारते, त्यात आता ही पाटी. आमचे जज रॉय्स लेडबेटर यांना ती रोज कामावर येताना दिसायची. इथं जज म्हणजे काउंटीचा कारभारी. रस्ते, पूल, नोकऱ्या सगळं त्याच्या हातात, आणि नोव्हेंबरात निवडणूक. त्यांनी मला वर बोलावलं आणि म्हणाले की ज्यांना स्वतःच्या गटारी उपसता येत नाहीत ते जर देशाच्या कसोटीला उतरतात, तर आपण काय घोडं मारलंय?

मग मी वर्षभर कागद गोळा केले. कपाटं कमी पडली तेव्हा जुन्या चुलीच्या भट्टीत फायली रचल्या.

तपासणीला तीन जण आले. त्यांचा मुख्य स्टॉफर नावाचा लांबोडा, शांत गृहस्थ होता, ऑरेगनचा. पहिल्याच जेवणात कळलं की हा मांस खात नाही. आमच्याकडे हिरव्या शेंगांच्या भाजीतसुद्धा डुकराची चरबी असते, त्यामुळे बिचारा पाव आणि गोड चहा यावर बसला होता. ते पाहून माझी व्हर्लीनमावशी उठली, घरी गेली, आणि नुसत्या मिठाच्या शेंगा शिजवून घेऊन आली. वाढताना म्हणाली, “चव लागणार नाही बाळा, पण पोट भरेल.” स्टॉफरनं दोनदा वाढून घेतल्या.

व्हर्लीन स्टबलफील्ड माझ्या आईची धाकटी बहीण. सख्खी मावशी माझी, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणतं. बाप्टिस्ट चर्चचं तळघर हे आमच्या गावाचं आसऱ्याचं ठिकाण आणि ते तिच्या ताब्यात. तिला कुणी नेमलं नव्हतं. नवरा गेल्यावर घरात करमेना म्हणून ती चर्चमध्ये येऊन बसायला लागली, आणि एकदा वादळाचा भोंगा वाजला तेव्हा दाराशी तीच होती, एवढंच. तेव्हापासून भोंगा वाजला की मावशी कमरेनं दार रेटून उभी राहायची आणि रस्त्यावर दिसेल त्याला हाका मारायची. माणसं, मांजरं, पिंजऱ्यातले पोपट, एकदा तर कुणाची गाभण शेळी, सगळं आत. दार लावायच्या आधी एक नजर फिरवायची आणि म्हणायची, “बर्निस कुठाय? कुणीतरी जा रे, तिला ऐकू येत नाही.” आणि कुणीतरी जायचं.

स्टॉफरनं आमचे बंब पाहिले, भोंगे पाहिले, नकाशे पाहिले, मान डोलावली. मग माझे सरावाचे अहवाल वाचायला बसला. वाचता वाचता त्याचा चेहरा मऊ झाला, वाईट बातमी सांगताना डॉक्टरचा होतो तसा.

“यात एकही चूक नाही,” तो म्हणाला.

“आमचे लोक फार चांगले आहेत,” मी म्हटलं.

“असतील. पण कसोटी अशी आहे की तुम्ही स्वतःची चूक शोधायची, लिहायची, दुरुस्त करायची आणि ती दुरुस्त झाली हे पुन्हा सराव करून दाखवायचं. ज्यांना चूक सापडत नाही त्यांना मान्यता देता येत नाही.”

तो खोटं बोलत नव्हता आणि कसोटीही वेडगळ नव्हती. त्यानं मुदत दिली आणि उरलेल्या शेंगा डब्यात घेऊन गेला.

आता चूक आणायची कुठून? खरं सांगायचं तर लांब जायची गरज नव्हती. सॉरेल टेकडीपलीकडे शेरीफच्या गाड्यांचे रेडिओ चालत नाहीत, हे काउंटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जजच्या खोलीत बैठक बसली तेव्हा मी ते अलगद काढलं. शेरीफ डेल क्रंप्टन छताकडे बघत म्हणाला की रेडिओ उत्तम आहेत, टेकडी चुकीच्या जागी आहे. शिवाय निवडणूक त्यालाही होती. बंबवाल्यानं सांगितलं, आमची माणसं फुकट काम करतात, वर त्यांच्या नावावर चूक घातली तर उद्या आग तुम्हीच विझवा. दवाखान्याच्या बाईंनी वकिलाला विचारावं लागेल असं म्हटलं आणि वकील तिथंच बसला होता, त्यानं नकारार्थी मान हलवली. जज म्हणाले, चूक हवी हे तर नक्की, पण ती कुणाची नको. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे उंदीर तयार होते. घंटा तेवढी दुसऱ्यानं धरायची होती.

मावशी कोपऱ्यात बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ गरम पाव, आणि पांढरा रस्सा वाढत होती. कुठल्याही बैठकीला ती खायला आणतेच. हात पुसत म्हणाली, “माझ्या नावावर घाला की. मी काही निवडणुकीला उभी नाही.”

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. जजनी उठून तिच्या गालाचा मुका घेतला. मग तिची चूक कुठली यावर चर्चा झाली आणि ती पटकन सापडलीही: आसऱ्याच्या दारात नावनोंदणी होत नाही, आत कोण आहे याची यादी नसते, जनावरांना वेगळी सोय नाही. वाक्य मीच तयार केलं. लिहिताना पेन थांबलं तेव्हा मावशीकडे बघून म्हटलं, “मावशी, हे फक्त कागदावर हं.”

“अगं लिही पोरी. कागदानं काय अंगाला भोकं पडतात का?”

भोकं पडली. कारण चूक नुसती लिहून भागणार नव्हतं, ती दुरुस्त करून दाखवायची होती. मावशीला प्रशिक्षणाला राज्याच्या राजधानीला, लिटल रॉकला पाठवलं. जन्मात पहिल्यांदा ती हॉटेलात राहिली. जाताना तिनं वर्गासाठी केक नेला होता. परत आली ती हिरवं जाकीट, गळ्यात ओळखपत्र आणि एक निराळाच चेहरा घेऊन. माझ्या खोलीत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

तिथं त्यांनी एका गावाची फिल्म दाखवली होती. वादळानंतर एक आई आपल्या मुलीला शोधत होती आणि मुलगी आसऱ्यात आली होती की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. यादीच नव्हती. त्या बाईचा आवाज कानातून जात नाही, मावशी म्हणाली.

“इतकी वर्षं मी चुकत होते, डार्ला. आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत. मला वाईट वाटेल म्हणून.”

“मावशी, तू चुकत नव्हतीस. आम्हाला काहीतरी लिहायचं होतं.”

“माझं मन राखू नकोस. लिहिलंयस ते बरोबर लिहिलंयस.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या काउंटीत लिहिलेली अशी ती एकच चूक. बाकीच्यांना बोलणी खायची सवय होती, लेखी मात्र तिनं एकटीनंच खाल्ली. आमच्या लोकांचा लिहिलेल्यावर फार विश्वास, बायबलपासून औषधाच्या बाटलीपर्यंत.

दुसऱ्या सरावाला स्टॉफर मुद्दाम आला. दारात टेबल, टेबलावर कार्डं, हातात बांधायच्या पट्ट्या, आणि जनावरांसाठी पाटी: जत्रेच्या मैदानावरच्या गोठ्यात न्यावे. मावशीनं स्टॉफरलासुद्धा ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडलं नाही. तो इतका खूश झाला की त्यानं तिचा फोटो काढला. म्हणाला, देशभर दाखवावी अशी दुरुस्ती आहे ही. ऑक्टोबरात मान्यता आली. कोर्टाच्या पायऱ्यांवर जजनी भाषण केलं आणि केकवर निळ्या साखरेनं मान्यतेचं चिन्ह काढलं होतं, तो रंग जिभेवरून दोन दिवस गेला नाही. डनमोरच्या पाटीसमोर आम्ही तिच्याहून हातभर मोठी पाटी लावली. जज निवडून आले, शेरीफही आला. टेकडीपलीकडे रेडिओ अजूनही चालत नव्हते.

पुढच्या एप्रिलात, शाळा सुटायच्या सुमारास, आभाळ हिरवं झालं, टॉर्नेडोआधी होतं तसं. आमच्याकडे ते तसं झालं की कोंबड्यासुद्धा ओरडत नाहीत. मी भोंगा लावला, इशारा रेडिओवर वाचला आणि रस्ता ओलांडून चर्चकडे धावले.

चर्चबाहेर रांग होती. गारा पडत होत्या आणि माझे गाववाले डोक्यावर टोप्या, पर्स, पुठ्ठे धरून शिस्तीत उभे होते. कुणी ढकलत नव्हतं, कुणी कुरकुरत नव्हतं. आता आम्ही मान्यताप्राप्त होतो ना. आत टेबलामागे मावशी हिरव्या जाकिटात बसून एकेकाला आडनाव विचारत होती. त्यातल्या निम्म्यांचे लंगोट तिनं बदललेले होते.

“मावशी, रांग कसली लावलीस? घे सगळ्यांना आत, नावं मग लिही.”

“आपलं नाव?” ती म्हणाली.

“अगं मी डार्ला.”

“तू कोण आहेस ते मला माहिताय. नाव सांग, पत्ता सांग, बरोबर कोण आहे सांग. तूच लिहिलंयस, पोरी.” अक्षर सुरेख येत होतं तिचं.

मी नाव सांगितलं. कसं कोण जाणे, शेवटचा माणूस आत आला आणि दार लागलं. वादळ गावाला वळसा घालून उत्तरेकडून गेलं. मालगाडी छपरावरून जावी तसा आवाज झाला आणि मग नुसता पाऊस. मावशीनं यादी पडताळली, माणसं मोजली, आणि रेडिओवर अभिमानानं कळवलं की एकूण एक जण हजर, कुणीही बेपत्ता नाही. जजनी तिकडून शाबासकी दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मागून बर्निस मोठ्यानं म्हणाली, तिला ऐकू येत नाही म्हणून ती नेहमी मोठ्यानंच बोलते, की होबार्ट नन कुठं दिसत नाही.

होबार्ट नन म्हणजे चर्चमागच्या गल्लीतला म्हातारा, बायको वारल्यापासून डचेस नावाच्या आंधळ्या कुत्रीबरोबर राहणारा. मी मावशीकडे पाहिलं.

“तो आला होता,” ती म्हणाली. “कुत्री होती बरोबर. मी त्याला मैदानावर जायला सांगितलं. रस्ताही सांगितला. त्यानं टोपीला हात लावला आणि गेला.”

“मग सगळे हजर कसे म्हणालीस?”

“तो यादीत नव्हता, डार्ला.”

गावाच्या उत्तरेला असलेल्या त्या मैदानावरच्या गोठ्याचं छप्पर उडालं होतं. होबार्टची गाडी फाटकाबाहेर उलटी पडली होती. फाटकाला कुलूप होतं, कारण किल्लीवाला, जजचा मेहुणा, आमच्या तळघरात रीतसर नोंदणी करून, हाताला पट्टी बांधून बसला होता. होबार्ट जिवंत होता. खुबा मोडला होता, आणि डचेस त्याच्या छातीवर बसून आम्हा सगळ्यांवर गुरगुरत होती.

दवाखान्यात मावशी त्याच्या उशाशी उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, “तुझं काही चुकलं नाही, व्हर्लीन. तू नियमानं वागलीस.” आमचे लोक असेच, जीव जाईल पण शिष्टाचार सोडणार नाहीत. मावशी बाहेर येऊन गाडीत बसली आणि रडली. तिला रडताना मी तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीलाही पाहिलं नव्हतं. होबार्टनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाली. आणि मग, “डार्ला, मी चुकले नव्हते तेव्हा तू लिहिलंस. आता चुकलेय. आता लिही.”

मी लिहिलं. मावशीची चूक, आणि तिच्यावर ती लादणाऱ्या आम्हा सगळ्यांची, जजसकट. जजनी वाचून विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. पण अहवाल स्टॉफरकडे जायचाच होता, तो मी पाठवला. उत्तर फार सौजन्याचं आलं. नोंदणी शंभर टक्के झाली हे स्पृहणीय आहे, आसऱ्याच्या प्रमुखांनी ठरलेली पद्धत तंतोतंत पाळली, त्यामुळे याला त्यांची चूक म्हणता येत नाही, ती नोंद काढावी. त्रुटी एकच दिसते, फाटकाचं कुलूप. आम्ही कुलूप बदललं, सराव केला, फोटो पाठवले. चूक कुलपाच्या नावावर गेली आणि कुलूप कुणाचं नातेवाईक नसल्यामुळे सगळ्यांना समाधान वाटलं.

होबार्टला त्याच्या मुलीनं टेक्सासला नेलं. तिथल्या वृद्धाश्रमात कुत्रे चालत नाहीत. डचेस मावशीकडे आली.

मेमध्ये पुन्हा भोंगा वाजला, भर दुपारी. मी चर्चमध्ये पोचले तर टेबलामागे हिरवं जाकीट घालून शाळेतली एक तरुण शिक्षिका बसली होती. मावशीनं सकाळीच तिला कामाची घडी समजावून दिली होती म्हणे. आत सगळे होते. मी दारात उभी राहून एक नजर फिरवली. मावशीची सवय, मला कधी जमली नव्हती, त्या दिवशी जमली. मावशीच आत नव्हती. मी गाडी काढली.

मावशी तिच्या घरी न्हाणीघरात होती. कोरड्या टबात उशा टाकून, मांडीवर आंधळी कुत्री घेऊन, डोक्यावर ओढून घ्यायला गादी भिंतीला टेकवून. कानाशी रेडिओ लावला होता.

“चल,” मी म्हटलं. “चर्चमध्ये.”

“हिला आत परवानगी नाही.”

“मी देतेय परवानगी. मी अधिकारी आहे या काउंटीची.”

“मग लेखी दे,” ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. खरंच वाट बघत होती ती, माझ्या हाताकडे बघत, मी खिशातून पेन काढते का म्हणून. आणि मला माहीत होतं की मी लिहून दिलं तरी ते जजकडे जाईल, जजकडून स्टॉफरकडे, आणि तिकडून सौजन्याचं उत्तर येईल. बाहेर गारा सुरू झाल्या. मला तिचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

“मावशी, सरक,” मी शेवटी म्हटलं.

ती सरकली. मी बूट न काढताच टबात बसले, गादी आम्हा तिघींवर ओढून घेतली. अंधारात कुत्रीचा श्वास गालाला लागत होता आणि मावशी माझा हात धरून होती, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. रेडिओवर जज सांगत होते की घाबरायचं कारण नाही, हॅस्केट काउंटीत सर्व जण आसऱ्याला पोचले आहेत आणि एकूण एक नावाची नोंद झाली आहे.